लोकप्रतिनिधींना जाहीर प्रश्न विचारण्याची परंपरा आणि कम्युनिटी कॉलेजची भूमिका
(ग्वाल्हेरच्या नई सडक परिसराच्या संदर्भात)

प्रस्तावना

१२ डिसेंबर २००५ रोजी एका दूरचित्रवाहिनीने छुप्या कॅमेऱ्याने केलेले चित्रण प्रसारित केले. संसदेत प्रश्न विचारण्यासाठी काही खासदार पैसे स्वीकारत असल्याचे त्यात दिसत होते. दोन्ही सभागृहांत चौकशी झाली आणि २३ डिसेंबर २००५ रोजी लोकसभेच्या १० व राज्यसभेच्या १ अशा एकूण ११ सदस्यांचे सदस्यत्व संपुष्टात आणण्यात आले. हे सदस्य एकाच पक्षाचे नव्हते. लोकसभेतील दहा जणांमध्ये ग्वाल्हेरचे तत्कालीन खासदार रामसेवक सिंह यांचा समावेश होता. सदस्यांना काढून टाकण्याचा संसदेचा अधिकार सर्वोच्च न्यायालयाने १० जानेवारी २००७ च्या निकालात मान्य केला. त्याच वर्षी ग्वाल्हेरमध्ये पोटनिवडणूक झाली व यशोधराराजे सिंधिया निवडून आल्या.

या प्रकरणाची चर्चा भ्रष्टाचाराच्या अंगाने पुष्कळ झाली. त्याला दुसरेही एक अंग आहे. जी वस्तू विकली गेली ती कोणाची होती? संसदेतील प्रश्न हा खासदाराचा खाजगी माल नव्हे. मतदारसंघातील लोकांनी विश्वासाने त्याच्या हाती दिलेली ती ठेव होय. ग्वाल्हेरच्या लष्कर भागातील नई सडकेवरचा दुकानदार, हातगाडीवाला, विद्यार्थी किंवा घरकाम करणारी स्त्री दिल्लीस जाऊन मंत्र्याला प्रश्न विचारू शकत नाही, म्हणून तो प्रश्न विचारण्यासाठी ती खासदार पाठवते. ठेवीदाराने आपल्या ठेवीची चौकशी करणे सोडून दिले, की ती परस्पर खर्च होण्याचा धोका वाढतो.

प्रस्तुत लेखात नागरिकांनी लोकप्रतिनिधींना जाहीरपणे प्रश्न विचारण्याच्या पद्धतीचा अभ्यास केला आहे. ही पद्धत कोठून आली, तिची कायदेशीर चौकट कोणती, मुस्लिम समाजाच्या दृष्टीने तिचे महत्त्व काय आणि कम्युनिटी कॉलेजचे शिक्षक ती आपल्या वस्तीत कशी रुजवू शकतील, या चार मुद्द्यांचा येथे विचार केला आहे.

सभा आणि संवाद

आपल्याकडे निवडणुकीच्या काळात सभांची उणीव नसते. मंडप पडतो, हार घातले जातात, वक्ता बोलतो, श्रोते टाळ्या वाजवतात आणि सभा संपते. या सर्व प्रकारात बोलणारा एक व ऐकणारे अनेक असतात. विषय वक्ता ठरवतो, वेळही तोच ठरवतो आणि न आवडणारा मुद्दा टाळण्याची मुभाही त्यालाच असते.

जाहीर संवादात हा क्रम उलटा होतो. येथे विषय नागरिक ठरवतो. उमेदवाराला ठराविक वेळेत उत्तर द्यावे लागते. उत्तर अपुरे असेल तर उपप्रश्न विचारता येतो. दोन-तीन उमेदवार एकाच व्यासपीठावर असल्यामुळे एकच प्रश्न सर्वांना विचारून उत्तरांची तुलना करता येते. थोडक्यात, सभेत नेता नागरिकांना पारखतो, तर संवादात नागरिक नेत्याला पारखतात.

येथे एक फरक लक्षात ठेवणे आवश्यक आहे. गाऱ्हाणे आणि प्रश्न या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नळाला पाणी येत नाही, हे गाऱ्हाणे झाले. ते मांडलेच पाहिजे. परंतु शहराची लोकसंख्या वाढत असताना पुढील वीस वर्षांचे पाणी कोठून आणणार, त्याचा खर्च कोण करणार आणि गरीब वस्तीला ते कोणत्या दराने मिळणार, हा प्रश्न झाला. गाऱ्हाण्याला आश्वासन पुरते. प्रश्नाला धोरण सांगावे लागते. देशाच्या भवितव्याची चर्चा याच दुसऱ्या टप्प्यावर सुरू होते.

इस्लामी परंपरेतील जाब विचारण्याचा अधिकार

सत्ताधाऱ्याला जाहीर प्रश्न विचारणे ही केवळ पाश्चात्त्यांकडून आलेली रीत आहे असा एक समज आढळतो. तो बरोबर नाही. कुरआन शरीफमधील ४२ व्या सूरहचे नावच 'अश-शूरा' म्हणजे सल्लामसलत असे आहे. पहिले खलीफा हजरत अबू बक्र (रजि.) यांनी सत्ता स्वीकारल्यानंतरच्या पहिल्या संबोधनात, आपण चुकलो तर आपल्याला सुधारावे असे लोकांना सांगितल्याची नोंद इतिहासग्रंथांत आहे. दुसरे खलीफा हजरत उमर (रजि.) यांच्याविषयी एक प्रसंग परंपरेने सांगितला जातो. सर्वांना वाटणीत सारखेच कापड आले असताना खलीफांचा अंगरखा लांब कसा, असे एका सामान्य माणसाने भर जमावात विचारले. हजरत उमर रागावले नाहीत. त्यांनी आपल्या मुलास उभे केले व मुलाने आपल्या वाटणीचे कापड वडिलांना दिल्याचे सांगितले. विचारणाऱ्याचे समाधान झाल्यावरच पुढचे बोलणे सुरू झाले.

या प्रसंगातून वर्गात शिकवण्यासारख्या तीन गोष्टी निघतात. प्रश्न सार्वजनिक मालमत्तेविषयी होता. विचारणाऱ्याची पत किंवा हुद्दा कोणी पाहिला नाही. उत्तर देताना केवळ शब्द न देता पुरावा दिला गेला. आजच्या कोणत्याही जाहीर संवादाची गुणवत्ता याच तीन कसोट्यांवर तपासता येते.

मराठी मुलखातील वाटचाल

महाराष्ट्रात या परंपरेचा आधुनिक प्रारंभ २ एप्रिल १८७० रोजी पुण्यात स्थापन झालेल्या सार्वजनिक सभेपासून मानता येतो. या सभेचा एक नियम आजही विचार करण्याजोगा आहे. सभासद होऊ इच्छिणाऱ्याने किमान ५० लोकांच्या सह्यांचे मुखत्यारपत्र आणले पाहिजे, अशी अट होती. म्हणजे सरकारपुढे बोलणारा माणूस कोणाच्या वतीने बोलतो हे आधी सिद्ध करावे लागे. मतदानाचा हक्क नसलेल्या काळात लोकांनी प्रतिनिधित्वाची ही पद्धत स्वतःच उभी केली. १८७६-७७ च्या दुष्काळात सभेने गावोगावची माहिती गोळा करून सरकारपुढे ठेवली. न्यायमूर्ती रानडे यांच्या प्रेरणेने १८७५ मध्ये पुण्यात सुरू झालेल्या वसंत व्याख्यानमालेने सार्वजनिक प्रश्नांवर जाहीर विचार करण्याची सवय लावली. १८८२ मध्ये महात्मा फुले यांनी हंटर आयोगापुढे निवेदन दिले. शेतकऱ्यांच्या कष्टातून जमा होणारा महसूल वरच्या वर्गाच्या शिक्षणावर खर्च का होतो, हा त्यातील मुख्य प्रश्न होता.

कायदेमंडळात प्रश्न विचारण्याचा अधिकार १८९२ च्या कायद्याने मिळाला. पुढील वर्षी, १८९३ मध्ये, केंद्रीय कायदेमंडळात पहिला प्रश्न विचारला गेला. दौऱ्यावरील अधिकाऱ्यांना सामान पुरवताना गावच्या दुकानदारांना होणाऱ्या त्रासाविषयी तो होता. तेव्हा सदस्यांना उपप्रश्न विचारता येत नसे. मूळ प्रश्नकर्त्याला तो अधिकार १९०९ च्या सुधारणांनंतर मिळाला. आज संसदेतील प्रश्नोत्तराचा तास आपण गृहीत धरतो, पण तो टप्प्याटप्प्याने मिळवलेला हक्क आहे. सप्टेंबर २०२० मध्ये कोविडच्या काळातील अधिवेशनात हा तास घेतला गेला नाही, तेव्हा तो नसल्याने काय हरवते याची जाणीव अनेकांना झाली.

मुंबईतील मुस्लिम समाजही या घडामोडींपासून दूर नव्हता. १८७४ मध्ये अंजुमन-ए-इस्लामची स्थापना करणाऱ्यांपैकी एक असलेले बद्रुद्दीन तय्यबजी १८८७ मध्ये मद्रास येथे भरलेल्या काँग्रेस अधिवेशनाचे अध्यक्ष झाले. त्याच महिन्यात सर सय्यद अहमद खान यांनी लखनौच्या भाषणात काँग्रेसला विरोध केला. १८८८ च्या सुरुवातीस या दोघांत पत्रव्यवहार झाला व तो लोकांपुढे आला. भारतातील भिन्न जाती-धर्मांच्या लोकांना एक राष्ट्र म्हणता येईल काय, असा सर सय्यद यांचा प्रश्न होता. सर्वांना समान असलेल्या प्रश्नांवर मुस्लिमांनी इतरांच्या बरोबरीने का बोलू नये, असा तय्यबजींचा प्रतिप्रश्न होता. ज्या विषयाला मुस्लिम प्रतिनिधींचा एकमुखाने विरोध असेल तो विषय चर्चेस घेऊ नये, असा मार्गही त्यांनी सुचवला. देशाच्या भवितव्याविषयी दोन मुस्लिम नेत्यांमध्ये झालेला हा मोकळा वाद होता. दोघांचेही ध्येय समाजाचे शिक्षण व उन्नती हेच होते, आणि तरीही त्यांनी मतभेद लपवले नाहीत. मतभेद म्हणजे फूट नव्हे, हे विद्यार्थ्यांना समजावण्यासाठी या पत्रव्यवहारासारखे दुसरे उदाहरण क्वचितच सापडेल.

गोव्याचा धडा

स्वतंत्र भारतात एखाद्या प्रदेशाचे भवितव्य लोकांपुढे थेट प्रश्न म्हणून ठेवले गेल्याचे ठळक उदाहरण गोव्याचे आहे. गोवा महाराष्ट्रात विलीन व्हावे की केंद्रशासित प्रदेश म्हणून वेगळे राहावे, यासाठी १६ जानेवारी १९६७ रोजी जनमत कौल घेण्यात आला. विलीनीकरणाच्या बाजूने मुख्यमंत्री दयानंद बांदोडकर व महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष होता, तर विरोधी बाजूचे नेतृत्व डॉ. जॅक सिक्वेरा करीत होते. १,७२,१९१ मते वेगळे राहण्याच्या बाजूने व १,३८,१७० मते विलीनीकरणाच्या बाजूने पडली. फरक ३४,०२१ मतांचा होता.

या प्रकरणात शिक्षकांनी लक्ष द्यावे अशी गोष्ट निकालापेक्षा वेगळी आहे. कौल निःपक्षपाती व्हावा यासाठी बांदोडकर सरकारने आधीच राजीनामा दिला आणि डिसेंबर १९६६ मध्ये राष्ट्रपती राजवट लागू झाली. लोकांना प्रश्न विचारायचा तर विचारणाऱ्याने सत्तेच्या खुर्चीवरून उतरले पाहिजे, हे तत्त्व तेथे पाळले गेले. प्रश्न एकच व स्पष्ट होता, बाजू दोन होत्या आणि दोन्ही बाजूंना गावोगावी बोलण्याची संधी मिळाली. पराभूत बाजूने निकाल स्वीकारला. त्यानंतरच्या निवडणुकीत त्याच मतदारांनी बांदोडकरांना पुन्हा सत्तेवर आणले. म्हणजे एका प्रश्नावर नेत्याच्या विरोधात मत देणारा नागरिक त्याचा शत्रू झाला नाही. आपल्या सार्वजनिक जीवनात हा समंजसपणा आज पुन्हा शिकवण्याची गरज आहे.

इतर देशांतील पद्धती

अमेरिकेत १८५८ मध्ये इलिनॉय राज्यात अब्राहम लिंकन व स्टीफन डग्लस यांच्यात सात जाहीर वादविवाद झाले. गुलामगिरीचा विस्तार होऊ द्यावा की नाही हा मुख्य विषय होता. लिंकन यांना सिनेटची ती जागा मिळाली नाही, परंतु या वादविवादांमुळे त्यांचे विचार देशभर पोहोचले आणि दोन वर्षांनी ते राष्ट्राध्यक्षपदी निवडून आले. १९६० मध्ये केनेडी व निक्सन यांचा वादविवाद दूरचित्रवाणीवर दिसला. मात्र या सर्वांत प्रश्न उमेदवारांचे किंवा पत्रकारांचे होते. सामान्य मतदारांनी राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारांना दूरचित्रवाणीवर समोरासमोर प्रश्न विचारण्याची पद्धत १५ ऑक्टोबर १९९२ रोजी रिचमंड येथे प्रथम अवलंबली गेली. तेथे एका स्त्रीने, राष्ट्रीय कर्जाचा तुमच्यावर व्यक्तिशः काय परिणाम झाला, असे विचारले. प्रश्नाची शब्दरचना काटेकोर नव्हती. तिला बहुधा मंदीविषयी विचारायचे होते. तत्कालीन अध्यक्ष जॉर्ज बुश यांना तो नीट उमगला नाही. बिल क्लिंटन मात्र तिच्याजवळ गेले आणि आपल्या राज्यात बंद पडलेल्या कारखान्यांविषयी व नोकरी गमावलेल्या माणसांविषयी बोलले. शिक्षकांसाठी येथे धीर देणारी गोष्ट अशी, की प्रश्न विचारण्यासाठी पंडित असावे लागत नाही. प्रामाणिक प्रश्न अडखळत विचारला तरी तो उत्तर देणाऱ्याची परीक्षा घेतो.

ब्रिटनमध्ये बीबीसीचा 'क्वेश्चन टाइम' हा कार्यक्रम १९७९ पासून सुरू आहे. त्यात विविध पक्षांचे नेते एका टेबलाभोवती बसतात व सभागृहातील नागरिक प्रश्न विचारतात.

भारतात याच जातीची, पण अधिक तळातून आलेली पद्धत म्हणजे जनसुनवाई. मजदूर किसान शक्ती संघटनेने २ डिसेंबर १९९४ रोजी राजस्थानातील कोट किराना येथे पहिली जनसुनवाई भरवली. सरकारी कामांच्या हजेरीपटातील नोंदी गावकऱ्यांसमोर मोठ्याने वाचल्या गेल्या आणि कागद व वस्तुस्थिती यांतील तफावत लोकांनी स्वतः दाखवली. माहितीच्या अधिकाराच्या चळवळीला यातून बळ मिळाले. महाराष्ट्राने २००२ मध्ये व केंद्राने २००५ मध्ये त्याविषयी कायदा केला.

कायदेशीर चौकट

राज्यघटनेच्या १९ व्या अनुच्छेदाने भाषणस्वातंत्र्य व शांततेने, विनाशस्त्र एकत्र जमण्याचे स्वातंत्र्य दिले आहे. ७३ व्या घटनादुरुस्तीने ग्रामसभेला घटनात्मक स्थान मिळाले. तेथे गावकरी सरपंचाला हिशेब विचारू शकतो. शहरात मात्र ग्रामसभेसारखी सभा प्रत्यक्षात फारशी रुजलेली नाही. त्यामुळे नई सडकेसारख्या शहरी वस्तीतील नागरिकाला निवडणुकीखेरीज आपल्या प्रतिनिधीला जाहीर प्रश्न विचारण्याचे नियमित ठिकाणच उरत नाही. ही पोकळी शिक्षणसंस्था भरून काढू शकतात.

प्रश्नांसाठी लागणारी माहिती आज पूर्वीपेक्षा सहज मिळते. सर्वोच्च न्यायालयाच्या २००२ व २००३ च्या निकालांमुळे प्रत्येक उमेदवाराला आपली मालमत्ता, कर्जे, शिक्षण व प्रलंबित फौजदारी खटले शपथपत्रावर जाहीर करावे लागतात. प्रत्येक खासदाराला स्थानिक क्षेत्र विकासासाठी वर्षाला ५ कोटी रुपयांची कामे सुचवता येतात. या कामांची यादी मागता येते.

काही बंधनेही ध्यानात ठेवावीत. मतदान संपण्यापूर्वीच्या ४८ तासांत जाहीर प्रचारसभेला मनाई आहे. आचारसंहितेच्या काळात सभेसाठी स्थानिक प्रशासनाची परवानगी घ्यावी लागते. रात्री १० नंतर ध्वनिवर्धक वापरता येत नाही. धर्म, जात, पंथ किंवा भाषेच्या आधारे मत मागणे हा लोकप्रतिनिधित्व कायद्यानुसार भ्रष्ट आचार आहे. सर्वोच्च न्यायालयाने २ जानेवारी २०१७ च्या निकालात मतदाराच्या धर्माच्या नावाने केलेले आवाहनही त्यात मोडते असे बहुमताने ठरवले. त्यामुळे अशा कार्यक्रमात कोणीही धर्माच्या नावाने मत मागणार नाही, याची दक्षता आयोजकांनी घ्यावी.

मुस्लिम नागरिक आणि देशाचा प्रश्न

येथे या लेखातील सर्वांत महत्त्वाचा मुद्दा येतो. मुस्लिम वस्तीत उमेदवार येतो तेव्हा चर्चा बहुधा ठराविक विषयांभोवती फिरते. कब्रस्तानची भिंत, मशिदीसमोरील रस्ता, उर्दू शाळेतील रिक्त जागा, इतके झाले की संवाद आटोपतो. हे विषय खरे आहेत व ते मांडायलाच हवेत. परंतु शेती, वीज, परराष्ट्र धोरण, न्यायव्यवस्था किंवा उच्च शिक्षणावरील खर्च यांविषयी या वस्तीत कोणी काही सांगत नाही आणि कोणी काही विचारतही नाही. जणू देश दुसऱ्यांचा आहे आणि या वस्तीचा संबंध फक्त भिंतीपुरता आहे. ही विभागणी उमेदवारांनी केली तशी समाजानेही मुकाट्याने स्वीकारली आहे.

याचा तोटा दुहेरी होतो. समाज मागणारा व सरकार देणारे, असे नाते पक्के होते. शिवाय समाजाच्या खऱ्या प्रश्नांची मुळे राष्ट्रीय धोरणात असतात, तिकडे दुर्लक्ष होते. २००१ च्या जनगणनेत देशाचे साक्षरतेचे प्रमाण ६४.८ टक्के, तर मुस्लिमांचे ५९.१ टक्के होते. नोव्हेंबर २००६ मध्ये सादर झालेल्या सच्चर समितीच्या अहवालाने शिक्षण, बँकांचे कर्ज व सरकारी नोकऱ्या या क्षेत्रांतील मागासलेपण आकडेवारीसह दाखवले. या समितीने राज्याराज्यांत जाऊन लोकांचे म्हणणेही ऐकले होते. आता या आकड्यांतून दोन प्रकारचे प्रश्न तयार होऊ शकतात. 'आमच्यासाठी काय करणार?' हा पहिला. 'शाळा मध्येच सोडणारे मूल कोणत्याही जातिधर्माचे असो, ते दहावीपर्यंत शाळेत टिकावे म्हणून तुमचा पक्ष कोणता खर्च व कोणती व्यवस्था करणार, आणि ती आमच्या वस्तीपर्यंत पोहोचली हे आम्ही कसे तपासावे?' हा दुसरा. दुसऱ्या प्रश्नात समाजाची व्यथा आहेच, पण विचारणारा याचक म्हणून उभा नाही. तो देशाचा भागीदार म्हणून उभा आहे.

नई सडकेवरील एक प्रात्यक्षिक

ग्वाल्हेरचा लष्कर भाग १८१० च्या सुमारास दौलतराव शिंदे यांची छावणी स्थिरावल्यापासून वाढत गेला. फौजेबरोबर व दरबाराबरोबर मराठी कुटुंबे येथे आली. हिंदी, मराठी व उर्दू बोलणारे लोक पिढ्यान्‌पिढ्या शेजारी राहत आले आहेत. नई सडक हा याच भागातील रस्ता. समजा, या परिसरातील एखाद्या कम्युनिटी कॉलेजला उमेदवारांशी नागरिकांचा संवाद घडवून आणायचा आहे. त्याची तयारी पुढीलप्रमाणे करता येईल.

१. प्रश्न कोणाला, हे आधी शिकवावे. गटार व पथदिव्यांचा प्रश्न नगरसेवकाला, ज्याला तेथे पार्षद म्हणतात. पोलीस, शाळा व आरोग्याचे राज्यस्तरीय प्रश्न आमदाराला. रेल्वे, बँका, राष्ट्रीय कायदे व परराष्ट्र धोरण खासदाराला. चुकीच्या माणसाला विचारलेला प्रश्न उत्तर टाळण्याची आयती सबब देतो.

२. विद्यार्थ्यांच्या गटांनी वस्तीत फिरून प्रश्न गोळा करावेत. दुकानदार, मजूर, गृहिणी, विद्यार्थी व वृद्ध अशा सर्वांचे प्रश्न यावेत. स्त्रियांचे प्रश्न विद्यार्थिनींनी घरी जाऊन लिहून घ्यावेत. निवडलेल्या प्रश्नांपैकी निम्मे स्त्रियांचे असावेत. प्रश्न ज्या भाषेत विचारला त्या भाषेतच लिहावा व गरज असल्यास व्यासपीठावर हिंदीत सांगावा.

३. प्रश्न घडवण्याचा वर्ग घ्यावा. चांगल्या प्रश्नात चार गोष्टी असतात : माहिती, जबाबदारी, मुदत व पडताळणी. 'बेरोजगारी कधी हटणार?' या प्रश्नाला भाषण हेच उत्तर मिळेल. ग्वाल्हेरची जियाजीराव कॉटन मिल, म्हणजे लोकांच्या बोलण्यातली जे.सी. मिल, गेल्या शतकाच्या अखेरीस बंद पडली. त्याचा आधार घेऊन असे विचारता येईल : 'मिल बंद पडल्यापासून या शहरात कायम स्वरूपाचा मोठा रोजगार देणारे कोणते उद्योग यावेत असे आपल्याला वाटते, त्यासाठी पहिल्या दोन वर्षांत आपण काय कराल आणि ते झाले की नाही हे आम्ही कोठे पाहावे?' तसेच पाण्याविषयी. शहराची तहान मुख्यतः तिघरा जलाशयावर भागते. हे धरण विसाव्या शतकाच्या आरंभीच्या काळातले आहे. पुढच्या पिढीसाठी दुसरा स्रोत कोणता, हा प्रश्न प्रत्येक उमेदवाराला विचारता येईल.

४. सर्व उमेदवारांना एकाच मजकुराचे लेखी निमंत्रण द्यावे. जो येणार नाही त्याची खुर्ची रिकामी ठेवावी, पण त्यावर टीका करू नये. हार, घोषणा व पक्षाचे झेंडे यांना मज्जाव असावा.

५. सूत्रसंचालक कोणत्याही पक्षाशी संबंध नसलेला असावा. प्रश्नासाठी १ मिनिट, उत्तरासाठी २ मिनिटे व एका उपप्रश्नासाठी १ मिनिट ठेवावे. प्रश्नांचा क्रम चिठ्ठ्या टाकून ठरवावा.

६. प्रत्येक उत्तर लिहून घ्यावे व कार्यक्रमाच्या शेवटी वाचून दाखवावे. ही नोंदवही महाविद्यालयाच्या ग्रंथालयात ठेवावी. एक वर्षानंतर निवडून आलेल्या प्रतिनिधीस पुन्हा बोलावून तीच वही उघडावी. सर्व उपक्रमातील हे सर्वांत अवघड व सर्वांत उपयुक्त पाऊल आहे.

अडचणी व मर्यादा

अशा उपक्रमावर काही आक्षेप घेतले जातात. पहिला आक्षेप, मोठे नेते येणार नाहीत. हे बऱ्याच वेळा खरे ठरेल. म्हणून प्रारंभ प्रभागाच्या निवडणुकीपासून करावा. तेथे उमेदवाराला शंभर मतांचीही किंमत असते. दुसरा आक्षेप, कार्यकर्ते आपलेच प्रश्न घुसवतील. चिठ्ठ्यांची पद्धत व आधी गोळा केलेले प्रश्न यांमुळे हा धोका कमी होतो, मात्र पूर्णपणे टळत नाही.

तिसरी अडचण भीतीची आहे आणि तिची चेष्टा करू नये. दुकान रस्त्यावर असलेल्या माणसाला उद्या त्याच रस्त्यावर बसायचे असते. मुस्लिम नागरिकाने परखड प्रश्न विचारला तर त्याच्या निष्ठेवरच शंका घेतली जाईल, अशी धास्ती अनेकांच्या मनात असते. यावर उपाय म्हणून चिठ्ठीवर नाव न लिहिण्याची मुभा असावी व प्रश्न सूत्रसंचालकाने वाचावा. निनावी प्रश्नालाही तेच वजन मिळावे. ज्याला उभे राहून विचारायचे असेल त्याने अवश्य उभे राहावे, परंतु धैर्याची सक्ती करता येत नाही. ते सवयीने येते आणि ती सवय लावण्याचे ठिकाण वर्ग हेच आहे.

शेवटची मर्यादा अशी, की दिलेले उत्तर पाळण्याची कायदेशीर सक्ती उमेदवारावर नसते. तरीही लिहून ठेवलेले उत्तर व हवेत विरलेले आश्वासन यांत फरक पडतोच. सार्वजनिक सभेच्या मुखत्यारपत्रामागे किंवा कोट किराना येथे वाचल्या गेलेल्या हजेरीपटामागे कायद्याचा हुकूम नव्हता. सही केलेल्या व वाचलेल्या कागदाची ती ताकद होती.

समारोप

२००५ मध्ये ग्वाल्हेरच्या खासदारावर जी कारवाई झाली, ती संसदेने केली व न्यायालयाने संसदेचा अधिकार मान्य केला. मतदारांनी मात्र त्या प्रकरणातून स्वतःसाठी काय घेतले, हा प्रश्न उरतो. आपला प्रतिनिधी आपल्या नावाने कोणते प्रश्न विचारतो, याची चौकशी मतदार नियमितपणे करीत असते, तर विकण्याचा धीर इतक्या सहज झाला नसता. नागरिकाचा प्रश्न जागा असेल तरच प्रतिनिधीचा प्रश्न शुद्ध राहतो.

कम्युनिटी कॉलेजमध्ये येणारा विद्यार्थी बहुधा कौशल्य व रोजगार यांसाठी येतो. त्याला शिवणयंत्र, संगणक किंवा वीजजोडणी शिकवली जाते. त्याच वर्षात त्याने एक चांगला प्रश्न तयार करणे, तो सभ्यपणे विचारणे व मिळालेले उत्तर टिपून ठेवणे शिकावे. त्यासाठी वेगळा अभ्यासक्रम, वेगळी इमारत किंवा अनुदान लागत नाही. एक वही, काही चिठ्ठ्या आणि दोन्ही बाजूंचे ऐकून घेणारा शिक्षक एवढे पुरेसे आहे. नई सडकेवरील एखाद्या घरातून आलेल्या मुलीने उमेदवाराला प्रथम आपल्या गल्लीविषयी व नंतर आपल्या देशाविषयी प्रश्न विचारला, आणि सभागृहाने दोन्ही प्रश्न सारख्याच शांततेने ऐकले, तर त्या महाविद्यालयाने नागरिकशास्त्राचा पाठ पूर्ण केला असे समजावे.